फीसाठी फौज?

आई: सर, स्पष्टच विचारते. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्या मुलाने शाळेच्या शेवटच्या वर्षातच तिथल्या दोन-तीन विद्यापीठांतल्या आरओटीसीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांतून लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाच्या, कार्यालयांना पत्रं लिहिली. एका अधिकाऱ्याने स्वतः फोन करून त्याची चौकशी केली, पुढे मुलाखत झाली, आणि आता त्याची फी तिकडचं लष्कर भरतं. हे ऐकल्यापासून आमची मुलगी म्हणते, मीही कॉलेजच्या एनसीसीला लिहिते, बघू काय देतात. मला यात दोन गोष्टी खटकतात. एक, इथे अशी फी कुणी भरत नाही. आणि दुसरं, भरत असते तरी फी भागवण्यासाठी फौजेचं दार ठोठावावं का? ट्रस्टकडे जावं, बँकेकडे जावं. मुलुंडच्या घरातून अर्ज करताना सीमेवरच्या माणसांचा आधार कशाला घ्यायचा?

सर: तुमच्या भाच्याची फी कोण भरतं एवढंच तुम्ही ऐकलंत. त्याने सही कशावर केली, तेही विचारा. आरओटीसी 1916 च्या कायद्याने उभी राहिली. तिची शिष्यवृत्ती घेणाऱ्यावर एकूण आठ वर्षांच्या सेवेचं बंधन येतं. त्यातली साधारण चार वर्षं पूर्णवेळ गणवेशात, उरलेली राखीव दलात. चार वर्षांची शिष्यवृत्ती असेल तर पहिलं वर्ष संपेपर्यंत मुलगा मोकळा असतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसला की करार लागू. आपली एनसीसी आली 1948 च्या कायद्याने, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून. कॅडेट झालात म्हणून प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती तुमच्यावर येणार नाही, असं त्या कायद्यातच आहे. तिकडे पैसा आणि बंधन एकाच कागदावर येतात, इकडे सुरुवातीला दोन्ही नाहीत. तेव्हा तुमची पहिली शंका बरोबर आहे. फी सुटावी म्हणून ती लिहीत असेल तर निराश होईल. पण लिहू नये, असं त्यातून निघत नाही.

आई: मग लिहून मिळणार काय? माझे वडील सक्तीच्या काळातले. चीनच्या युद्धानंतर, 1963 पासून, कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली आणि 1968 मध्ये ती सक्ती उठली. त्यांच्या आठवणीत उरलंय ते ऊन, खांद्यावरची रायफल आणि परेड संपल्यावरचा वडा. आजही कॉलेजात काय दिसतं? पाहुणे आले की दुतर्फा उभे राहायला कॅडेट, फेस्टिव्हलला गेटवर गर्दी आवरायला कॅडेट. बरं, एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट हातात पडणार तिसऱ्या वर्षाला. तोवर तिन्ही वर्षांची फी आम्ही भरून मोकळे झालेलो असणार. ज्याला पहिल्या वर्षाची फी जड जाते त्याला तिसऱ्या वर्षानंतरचं फळ दाखवायचं आणि त्याला संधी म्हणायचं, हे मला पटत नाही.

सर: गेटवर उभं करण्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. त्यावरून प्राचार्यांशी माझे खटके उडतात. पण ‘सी’ सर्टिफिकेटला कमी लेखू नका. ते चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीला पन्नास टक्के असतील तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. छाननीत नाव आलं की थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढे, बोलावणं. तिथे निवड झाली, वैद्यकीय तपासणी पार पडली आणि गुणवत्ता यादीत नाव लागलं, तर चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, 49 आठवडे. त्या काळात महिन्याला 56,100 रुपये विद्यावेतन. शिष्यवृत्ती म्हणायचीच असेल तर आपल्याकडे ती इथे आहे, पदवीच्या आधी नव्हे, नंतर. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरकीचं शिक्षण सरकारी खर्चाने होतं आणि सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो. तुमच्या भाच्याच्या सौद्याच्या सर्वांत जवळची गोष्ट ती, पण तिच्यासाठी नीट द्यावी लागते आणि तुमची मुलगी कॉमर्सला जाणार.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी उपनगरात फार कुणाला ठाऊक नसते. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीला जाणाऱ्या मुलामुलींना तिथे काही दिवस फुकट तयार करतात, राहणं-जेवणही फुकट. त्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते आणि खाली लिहिलेलं असतं की मुलाखतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हजर राहा. आपल्याला लागू होतं ते मुंबई उपनगर जिल्ह्याचं. एनसीसीवाल्यांसाठी तिथे अट असते, ‘सी’ प्रमाणपत्र आणि ग्रुप हेडक्वार्टर्सची शिफारस. ही शिफारस तिसऱ्या वर्षी आभाळातून पडत नाही. बटालियनमधल्या सुभेदारसाहेबांना, एएनओला, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला, तुमची मुलगी तीन वर्षं दिसलेली असावी लागते. संपर्क करायचा तो यासाठी.

आई: त्या गुणवत्ता यादीचं एकदा आकड्यांत बोलू. बरीच वर्षं त्या स्पेशल एन्ट्रीच्या एका कोर्सला मुलांच्या जागा 50 आणि मुलींच्या 5 निघायच्या. पाच, सर, आणि त्या साऱ्या देशासाठी. अलीकडच्या अधिसूचनांत डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकादमीत एनसीसीवाल्यांसाठी शंभरात तेरा राखीव जागा दिसतात, पण तिथे सीडीएस या यूपीएससीच्या परीक्षेतून मुलींना प्रवेश नाही. मग मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस. दहा वर्षं, वाढवून चौदा. तिथून कायम कमिशन मिळालं तर ठीक, नाहीतर पस्तिशी-चाळिशीत पेन्शनशिवाय बाहेर. छप्पन्न हजार हा आकडा आमच्या घरात मोठा वाटतो, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. गरज असलेल्या माणसाला पहिला पगार दिसतो, पंधरावं वर्ष दिसत नाही.

सर: पाच जागांचं मीही समर्थन करणार नाही. पण परिस्थिती एका जागी थांबलेली नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार उघडायला लावलं, 2022 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली आणि 2025 च्या मे महिन्यात त्यातल्या सतराजणी बाहेर पडल्या. राज्य सरकारने एनडीएच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला मुलांची संस्था 1977 मध्येच काढली होती. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघाली ती 2023 मध्ये. उशीर झाला, पण झालं.

मला खरा अडसर दुसरीकडे दिसतो. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीत पोरगं रांगायला लागतं तेव्हापासून भरतीच्या गोष्टी ऐकतं. चुलता हवालदार, मामा नायक, शेजारी निवृत्त सुभेदार. कागद कुठले लागतात, छाती किती फुगवायची, डॉक्टर काय बघतो, सगळं पारावर कळतं. त्याच साताऱ्यातून, रत्नागिरीतून आलेली माणसं घाटकोपर-भांडुपच्या चाळींत राहतात. इथे आल्यावर भरतीची ती माहिती तुटली आणि अधिकारी होण्याची माहिती तर गावीही नव्हती. जवान कसं व्हायचं हे सांगणारे खूप भेटतात. साहेब कसं व्हायचं हे सांगणारा घरात साहेब असेल तरच भेटतो. आपल्या मुलांची छाती कमी पडत नाही, ओळख कमी पडते. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे 2018 मध्ये गुरेझला धारातीर्थी पडले आणि त्यांच्या पत्नी कनिका राणे 2020 मध्ये त्याच ओटीएतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. लोकलने जाण्याइतक्या अंतरावरचं घर आहे ते.

आई: सर, ते नाव या बोलण्यात नको. रागावू नका, पण आत्ता आपण फी, विद्यावेतन, जागा मोजत होतो. त्यात एकदम ते घर आणलंत. प्रत्येक भाषणात हेच होतं. आकड्यांवर शंका घेतली की समोर हौतात्म्य ठेवतात आणि शंका घेणारा खजील होऊन गप्प बसतो. त्या बाईंनी जे केलं ते फीसाठी केलं नाही. माझ्या मुलीचा अर्ज त्यांच्या शेजारी ठेवला की तो क्षुद्र दिसतो, आणि तो क्षुद्र नाही. सतरा वर्षांच्या मुलीने घरची ओढाताण बघून वाट शोधणं यात लाजण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं एवढंच की वाट शोधताना तिला स्वतःशी खोटं बोलायला लागू नये.

सर: मान्य. ते नाव मागे घेतो. आणि तुमचं शेवटचं वाक्य धरतो, कारण तिथे तुमची दुसरी शंकाही येते. फीची अडचण घेऊन या दारात उभं राहावं की नाही? एसएसबीला गेल्यावर पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात, पीआयक्यू. त्यात आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि मासिक उत्पन्न लिहायचं असतं. म्हणजे तुमच्या घरची ओढाताण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आधीच असते. तो गरज लपवा म्हणत नाही. लपवायला शिकवतात ते क्लासवाले. अंधेरीत बसा नाहीतर दादरला, ‘सैन्यात का जायचंय?’ याचं उत्तर घोटून घेतात, ‘देशसेवेसाठी सर’. आणि तिथे साठ शब्द येतात एकामागून एक, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते लिहायचं. नंतर साठ प्रसंग, अर्ध्या तासात. चित्रांवरून गोष्टी. मग मैदानावर गटाबरोबर दोर, फळ्या आणि पिंपं घेऊन अडथळे पार करायचे. पाच दिवस तीन वेगवेगळी माणसं एकाच उमेदवाराला तीन बाजूंनी बघतात आणि शेवटी पडताळून पाहतात की तिन्हीकडे एकच माणूस दिसतो का. घोटलेलं उत्तर तिथे पकडलं जातं. गरज असलेली मुलगी त्या टेबलापुढे चालते, फक्त ती गरजेपलीकडे काही सांगू शकली पाहिजे.

आई: म्हणजे पत्रात लिहावं तरी काय? तिने एक मसुदा केलाय. ‘आदरणीय महोदय, मी एक देशप्रेमी विद्यार्थिनी असून...’ पुढे मी वाचलं नाही.

सर: पुढे मीही वाचत नाही. दर जूनमध्ये अशी पत्रं येतात आणि सगळी एका हाताने लिहिल्यासारखी वाटतात. तिने लिहावं की बारावी कॉमर्स, टक्के इतके, उंची इतकी, चष्म्याचा नंबर असल्यास इतका, शाळेत खोखो खेळले किंवा काहीच खेळले नाही, मुलुंडला प्रियदर्शिनीच्या मैदानावर पळायला सुरुवात केली आहे, अमुक वेळ लागतो. अधिकारी व्हायचं मनात आहे, अजून नक्की नाही. घरी फीचा प्रश्न आहे. आणि मग एकच नेमका प्रश्न, ज्याचं उत्तर तिला कुठेच सापडलं नाही. हे पत्र दिल्लीला नाही पाठवायचं. कॉलेजच्या एएनओला, म्हणजे माझ्यासारख्या एखाद्या प्राध्यापकाला, आणि जमलं तर स्वतः येऊन द्यायचं. नोंदणीच्या दिवशी दोनशे मुलं रांगेत असतात. महिनाभर आधी येऊन गेलेलं एक तोंड लक्षात राहतं.

आई: आणि न आलेली? मला नेमकं हेच टोचतंय. तुम्ही पत्राला महत्त्व देता म्हणजे पहिली चाळणी तिथेच लावता. माझ्या मुलीची आई बँकेत आहे, मामा अमेरिकेत आहे, मसुदा दुरुस्त करायला तुम्ही आहात. विक्रोळीच्या पार्कसाइटवरून येणाऱ्या मुलाला कुणाला लिहायचं हेच ठाऊक नसतं. तो कुणाकडून ऐकून रांगेत येतो, जागा भरल्या म्हणून परत जातो. तिकडे अमेरिकेत त्या आरओटीसीच्या अधिकाऱ्याचं कामच आहे मुलांना शोधणं, फोन करणं. त्याला कॅडेट भरून द्यायचे असतात. इथे कार्यालयात गेलं की ‘जुलैत या’. तुम्ही म्हणालात ओळख कमी पडते. मग ती ओळख धिटाईवर वाटायची का?

सर: नाही वाटायची. पण सांगतो, एनसीसी हीच या व्यवस्थेतली त्यातल्या त्यात कमी धिटाई लागणारी जागा आहे. सोळाशे मीटर पळायला इंग्रजी लागत नाही. ड्रिल शिकवणारा हवालदार हिंदीत ओरडतो, कधी कधी मराठीत, आणि त्याला तुमचं आडनाव वार्षिक शिबिराच्या तिसऱ्या दिवशी कळतं, तोवर तुम्ही फक्त ‘तीन नंबर’. दहा दिवस तंबूत राहिल्यावर बँकेतल्या आईची मुलगी आणि पार्कसाइटचा मुलगा एकाच नळावर आपापले मग धुतात. तिथून पुढे मात्र इंग्रजी आडवी येते, तुमचं म्हणणं खोटं नाही. एसएसबीत हिंदी चालते असं म्हणतात, पण गटचर्चेत इंग्रजी बोलणारी पोरं बोलत सुटतात आणि आपली बघत राहतात. माझ्याकडून जमेल तेवढी तयारी मी करून घेतो. तेवढ्याने पुरत नाही. पण मी पत्राचा आग्रह सोडला तर पार्कसाइटचा मुलगा आत येईल असं होत नाही ना? तुमची मुलगीही बाहेर राहील, एवढंच.

आई: संभाजीनगरची संस्था याच अडचणीवर काढली असावी, सरकारने स्वतः शोधून घडवावं म्हणून. पण तिथे निर्णय दहावीत घ्यावा लागतो, पंधराव्या वर्षी. म्हणजे लवकर धरलं तर मूल लहान, उशिरा धरलं तर फी गेलेली. असो. आता मूळ प्रश्नावर येते, जो मी तिच्या पत्रात घालायला सांगणार आहे. ओटीएत प्रशिक्षण चालू असताना मुलीने स्वतःहून सोडलं तर तिच्यावर झालेला खर्च वसूल करतात. हे नियमात लिहिलेलं आहे, मी वाचलंय. ठीक. करार आहे, मोडला तर भरा. पण प्रशिक्षणातच तिचा मणका गेला तर? 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या गोष्टीची दखल घेतली. 1985 पासून सुमारे पाचशे कॅडेट लष्करी प्रबोधिनींतून अपंगत्व आल्यामुळे घरी पाठवले गेले. कमिशन मिळण्याआधी जायबंदी झाले म्हणून ते माजी सैनिक ठरत नाहीत. काहीजण वर्षानुवर्षं अंथरुणावर आहेत, हातात महिन्याची ठरावीक मदत, आणि औषधोपचार तोवर बहुतेक घरच्यांच्या खिशातून. न्यायालयाने विचारल्यावर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घ्यायचं ठरलं. न्यायालयाने विचारल्यावर, सर. भाच्याच्या करारात त्याने काय द्यायचं हे लिहिलंय. इथे मुलीने काय द्यायचं हेही लिहिलंय. तिला काय झालं तर कोण काय देणार, हे कुठल्या ओळीत आहे?

सर: हा प्रश्न पहिल्या पत्रात नको.

आई: का?

सर: कारण तो चुकीच्या टेबलावर पडेल. बटालियनच्या कारकुनाकडे त्याचं उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. आणि खरं सांगू का, वाचणाऱ्याला वाटेल की ही मुलगी आत यायच्या आधीच बाहेरचा रस्ता विचारतेय. मी मुलांना सांगतो, असे प्रश्न एसएसबी झाल्यावर, रुजू होण्याचं पत्र आल्यावर विचारा. तेव्हा अधिकार येतो.

आई: तेव्हा अधिकार येतो, पण नाही म्हणण्याची ताकद गेलेली असते. चाळीत पेढे वाटून झालेले असतात, कॉलेजने फलक लावलेला असतो, आणि घरची फी आठवणारी मुलगी त्या वेळी मणक्याबद्दल विचारेल असं तुम्हाला वाटतं? आणखी एक सांगा. उद्या तुमची ही कॅडेट अधिकारी झाली, तीस जवान तिच्या हाताखाली आले. त्यातला एक पडला तर त्याच्या घरी काय मिळणार हे माहीत असलेली अधिकारी तुम्हाला आवडेल, की तो प्रश्न विचारू नये असं शिकलेली?

सर: पहिली. अर्थात पहिली. पण तुम्ही एक धरून चालता की प्रश्न विचारणाऱ्याला व्यवस्था ओळखते. मी तेवीस वर्षं या गणवेशात शिकवतोय. ती नेहमी ओळखत नाही. कधी कधी ‘अॅटिट्यूड’ असा शेरा मारून पुढच्याला बोलावते. तिचं भलं बघायचं तर मी तिला गप्प बसायला सांगेन. फौजेचं भलं बघायचं तर बोलायला सांगेन. तुम्ही तिची आई आहात, तुम्ही कुठलं सांगाल?

आई: मी तर तिला बँकेची परीक्षा दे म्हणेन. म्हणून मला विचारू नका.

सर: मग असं करा. पत्र तिने लिहू दे, तुम्ही आणि मी दोघांनीही हात न लावता. तो प्रश्न तिला घालायचा असेल तर घालेल. घातला तर मी तो फाडणार नाही, माझ्या सहीने वर पाठवीन. उत्तर येईलच असं वचन देत नाही.

आई: आणि उत्तर आलं नाही तरी जुलैत सोळाशे मीटर पळायचं?

सर: ते तिने ठरवायचं.

आई: तिने कसं? सतरा वर्षांची आहे. नोंदणीच्या फॉर्मवर पालकाची सही लागते.